बयाणा घेण्यापूर्वीचा विचार

आमच्या धंद्यात ताका दाखवण्याची एक रीत आहे. ताक्याची वरची घडी नेहमी चांगली असते. जाणते गिऱ्हाईक त्या घडीवर हात फिरवून समाधान मानत नाही. ते ताका सोडायला सांगते, पन्हा मोजते, कापड उजेडाकडे धरून तुटलेला धागा आणि तेलाचा डाग शोधते. व्यापारी इमानदार असेल तर गिऱ्हाइकाने पाहण्याआधी तोच म्हणतो, "भाई, आत दोन ठिकाणी डाग आहे, तेवढे कापून देतो." मालातला ऐब आपणहून सांगावा, ही शरियतचीही ताकीद आहे.

ही गोष्ट हातात धरता येणाऱ्या मालाची झाली. पण जो माल हातात धरता येत नाही, म्हणजे माणसाचे किंवा कंपनीचे नाव, तो सजवून लोकांपुढे मांडण्याचाही एक मोठा धंदा आज जगभर चालतो. त्याला जनसंपर्क किंवा पब्लिक रिलेशन्स म्हणतात. बोलण्यात नुसते पीआर. या धंद्यात वरची घडी कोणती आणि आतला डाग कुठे, हे गिऱ्हाइकाला ताका सोडून पाहता येत नाही. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाच्या नीतीला जास्त किंमत आहे.

आपल्याला याच्याशी काय करायचे, असे काही व्यापारी बंधू म्हणतील. परंतु आता दहा-वीस मागांच्या मालकालाही कोणीतरी येऊन सांगतो, "शेठ, महिना इतके द्या, तुमचे नाव आम्ही मोठे करतो." देणाऱ्यालाही या धंद्याचे बरेवाईट कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

दोन अक्षरांची किंमत

या पेशाचा एक जुना जाणकार म्हणजे अमेरिकेतला आयव्ही ली. हा मूळचा वर्तमानपत्रातला बातमीदार. १९०६ साली कोळसा खाणींच्या संपाच्या वेळी त्याने वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा आशय असा की, आमचे काम उघडपणे चालते, आम्ही जी माहिती देतो ती अचूक असते, आणि कोणाला ती तपासायची असेल तर आम्ही मदत करू. शंभराहून जास्त वर्षे झाली, तरी यापेक्षा चांगला नियम या धंद्यात क्वचितच सांगितला गेला असेल.

परंतु नियम लिहिणे वेगळे आणि पाळणे वेगळे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोराडो राज्यात लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर हल्ला झाला. तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले मेली. खाण कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यात होती. बदनामी फार झाली, तेव्हा रॉकफेलरने आयव्ही लीला कामावर घेतले. लीने कंपनीच्या बाजूने पत्रके काढली. कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे जे आकडे त्यांत छापले होते ते खोटे निघाले. चौकशी आयोगापुढे त्याला विचारले गेले, तेव्हा उत्तर निघाले ते असे की, मालकांकडून जे आले ते आपण छापले, स्वतः पडताळले नाही. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्याच्या 'आयव्ही' या नावाला 'पॉयझन' म्हणजे विष अशी जोड दिली. इंग्रजीत विषारी वेलीचे ते नावच आहे. हे टोपणनाव त्याला मरेपर्यंत चिकटले.

आठ वर्षांपूर्वी अचूकतेचा जाहीरनामा काढणारा माणूस असा का घसरला? आमच्या मते, घसरण पत्रक लिहिताना झाली नाही. काम स्वीकारताना "मी तपासूनच छापीन" ही अट त्याने घातली नाही, तिथेच झाली.

सहारनपूरचे भाऊ आणि लंडनची कंपनी

आता आपल्या काळातले उदाहरण घेऊ. यात पैसा देणारे आपल्या हिंदुस्थानातून गेलेले होते, म्हणून ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे गुप्ता बंधू, अजय, अतुल आणि राजेश, १९९३च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत स्थिरावू लागले. वर्णभेदाची राजवट संपून १९९४ साली नवे सरकार आले. संगणकाच्या व्यापारापासून सुरुवात करून हे बंधू खाणी आणि वर्तमानपत्रापर्यंत पोहोचले. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी त्यांची जवळीक सर्वांना माहीत होती. एप्रिल २०१३मध्ये त्यांच्या घरच्या लग्नाचे पाहुणे घेऊन भारतातून आलेले विमान थेट वॉटरक्लूफ या लष्करी हवाई तळावर उतरले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. डिसेंबर २०१५मध्ये झुमांनी अर्थमंत्री न्हलान्हला नेने यांना अचानक काढले. तिथला रँड कोसळला आणि नवा अर्थमंत्री चार दिवसांत बदलावा लागला. यामागे गुप्तांचा हात असल्याची चर्चा बाजारात उघड सुरू होती.

अशा वेळी, जानेवारी २०१६मध्ये, लंडनच्या बेल पॉटिंजर या नामांकित जनसंपर्क कंपनीचे संस्थापक लॉर्ड टिम बेल स्वतः जोहान्सबर्गला गेले. हे गृहस्थ म्हणजे मार्गारेट थॅचर यांच्या निवडणूक प्रचारातले जुने नाव. गुप्तांच्या ओकबे कंपनीशी करार ठरला. रक्कम महिना एक लाख पौंड.

काम काय? वरवर पाहता काम चांगले दिसत होते. वर्णभेद गेला तरी काळ्या लोकांच्या हाती आर्थिक सत्ता आली नाही, जमीन आणि भांडवल मूठभर गोऱ्यांकडेच राहिले, हा विषय लोकांपुढे मांडायचा. भाषणे, मजकूर, संकेतस्थळ, समाजमाध्यमे, सगळ्यांतून 'आर्थिक वर्णभेद' आणि 'गोरे मक्तेदार भांडवल' असे शब्द फिरू लागले. ही मोहीम चालू असतानाच, मार्च २०१६मध्ये, उपअर्थमंत्री मसेबिसी जोनास यांनी जाहीर सांगितले की, गुप्तांनी आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केले होते. गुप्तांनी ते नाकारले. त्यानंतर मोठ्या बँकांनी ओकबेची खाती बंद केली. तरीही बेल पॉटिंजरने करार सोडला नाही. लॉर्ड बेल ऑगस्ट २०१६मध्ये कंपनीतून बाहेर पडले, पण गुप्तांचे काम एप्रिल २०१७पर्यंत चालले.

मग गुप्तांच्या कंपन्यांतील पत्रव्यवहार फुटला. हजारो ई-पत्रे वर्तमानपत्रांच्या हाती लागली. ६ जुलै २०१७ रोजी कंपनीचे प्रमुख जेम्स हेंडरसन यांनी जाहीर माफी मागितली आणि हे काम पाहणाऱ्या भागीदाराला काढले. दक्षिण आफ्रिकेतील डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने ब्रिटनच्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेकडे, पीआरसीएकडे, तक्रार केली होती. तिचा निकाल ४ सप्टेंबर २०१७ रोजी आला. वांशिक द्वेषाला खतपाणी घालणारे काम केल्याबद्दल बेल पॉटिंजरला संघटनेतून काढण्यात आले, आणि किमान पाच वर्षे पुन्हा अर्ज करायलाही बंदी घातली गेली. मोठमोठी गिऱ्हाईके पाठ फिरवू लागली. आठ दिवसांत, १२ सप्टेंबरला, कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेली. गुप्तांच्या कामाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्या नोकरमाणसांचीही रोजी गेली.

झुमांना फेब्रुवारी २०१८मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढे न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने २०२२मध्ये आपले अहवाल दिले. सरकारी यंत्रणा खाजगी फायद्यासाठी कशी ताब्यात घेतली गेली, हे त्यांत सविस्तर आले आहे आणि गुप्ता बंधू त्या कथेच्या मध्यभागी आहेत.

खरे बोलूनही फसवणूक होते

या प्रकरणात समजून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ही की, मोहिमेतला मूळ मुद्दा खोटा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतली आर्थिक विषमता खरीच आहे. 'गोरे मक्तेदार भांडवल' हा शब्दही तिथे आधीपासून होता. मग गुन्हा कोणता?

गुन्हा हा की, खऱ्या दुःखाचा पडदा करून त्याच्यामागे दुसऱ्याची चोरी झाकली गेली. वरची घडी चांगली होती, पण ती आतला डाग लपवण्यासाठी ठेवली होती. मजकुरातले प्रत्येक वाक्य तपासले असते तरी बरेचसे खरे निघाले असते. खोटा होता तो हेतू. आणि बोलणारा कोण, पैसा कोणाचा, हे ऐकणाऱ्याला कळू दिले गेले नव्हते.

किंमत कोण देणार होते, तेही पाहा. दक्षिण आफ्रिकेत आपली माणसे आहेत. कोकणातल्या मुसलमानांची घराणी केपटाऊनमध्ये पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि गुजरातेतून गेलेल्या कापडवाल्यांची दुकाने नाताळ व ट्रान्सवालमध्ये शंभर वर्षांपूर्वीपासून होती. वंशद्वेष पेटला की काय होते, हे दरबानच्या हिंदी दुकानदारांनी जानेवारी १९४९मध्ये पाहिले आहे. एका किरकोळ भांडणातून भडका उडाला, १४२ माणसे मेली, शेकडो दुकाने आणि घरे जळाली. आपण दूर कशाला जावे? १९७० आणि १९८४ साली भिवंडीने काय भोगले, हे कापडाच्या बाजारात कोणाला सांगावे लागत नाही. आधी अफवा येते, मग आग येते. माग जळतो तेव्हा अफवा पसरवणारा तिथे नसतो. लंडनमध्ये बसून महिना एक लाख पौंड घेणाऱ्यालाही दरबान किंवा सोवेटोच्या गल्लीत राहायचे नव्हते.

म्हणून आम्ही म्हणतो की, जनसंपर्कवाल्याने "हे वाक्य खरे आहे का?" एवढेच विचारून भागत नाही. "या वाक्याआड मी काय झाकतो आहे, आणि त्याचे बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे?" हे विचारावे लागते. तेही बयाणा घेण्यापूर्वी. कारण बयाणा घेतल्यावर विचार होत नाही, फक्त सबबी निघतात. जानेवारी २०१६मध्ये बेल पॉटिंजरला काही ठाऊक नव्हते असे नाही. लष्करी तळावरचे विमान आणि चार दिवसांचा अर्थमंत्री सर्व जगाने वाचला होता. त्या दिवशी "नाही" म्हणणे फुकट होते. दीड वर्षाने "माफ करा" म्हणायला कंपनी द्यावी लागली.

उलट बाजूही आहे

या पेशात सगळे असेच चालते, असा गैरसमज नको. १९८२च्या शरद ऋतूत अमेरिकेत शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेऊन सात माणसे मेली. कोणीतरी दुकानातल्या बाटल्यांत सायनाइड मिसळले होते. गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. कंपनीचा, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनचा, यात दोष नव्हता. "आमच्या कारखान्यात काही झाले नाही" असे खरे बोलून ती गप्प राहू शकली असती.

तिने तसे केले नाही. जाहिराती थांबवल्या, हे औषध घेऊ नका असे स्वतःच लोकांना सांगितले, आणि देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेतल्या. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. मग फोडल्यास लगेच कळेल अशा नव्या वेष्टनात माल पुन्हा आणला. बाजार परत मिळाला. लोकांच्या जिवाचा विचार आधी आणि नावाचा नंतर केला, म्हणून नावही वाचले.

अर्थात एका चांगल्या निर्णयाने आयुष्यभराचा दाखला मिळत नाही. याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरबाबत हजारो दावे झाले, आणि २०२३मध्ये तिने ती पावडर जगभर विकणे बंद केले. इमान हे रोजच्या रोज सांभाळावे लागते.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणे सोपे असते. आता आमची सांगतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही बाजारात शिकलो. पण ही गोष्ट कोणत्याही भाषेत सांगताना जीभ जड होते.

२००६ साली शाळा उघडण्यापूर्वी आम्ही एका गावच्या दुकानदाराला गणवेशाचे निळे कापड दिले. जून अर्धा झाला आणि त्याचा फोन आला. रंग उतरतो आहे, पांढरे कपडे निळे होत आहेत, पालक दुकानावर येत आहेत. आम्ही घरी एक तुकडा धुऊन पाहिला. थंड पाण्यातही रंग जात होता. रंगाई कच्ची होती, हे आम्हाला त्याच दिवशी कळले.

आमचा दलाल बोलण्यात हुशार होता. तो म्हणाला, "शेठ, माल परत घेतलात तर बाजारात बोंब होईल. एक पत्रक छापू. 'कपडे गरम पाण्यात धुऊ नयेत, सोडा वापरू नये, अन्यथा रंग उतरेल.' यात खोटे काय आहे?" खोटे काहीच नव्हते. गरम पाण्यात रंग उतरतच होता. आम्ही पाचशे पत्रके छापून दुकानदाराकडे पाठवली. त्याने आमच्यावर भरवसा ठेवून ती वाटली, आणि आयाबायांशी वाद घातला की दोष तुमच्या धुण्याचा आहे.

चार दिवस टिकले. मग कोणीतरी त्याच्या दुकानासमोरच थंड पाण्याच्या बादलीत शर्ट बुडवून दाखवला. त्या गावात त्याची चाळीस वर्षांची साख होती. तो आमच्याकडे आला, हिशेब चुकता केला, आणि एवढेच म्हणाला, "कापड खराब निघते, ते मी समजू शकलो असतो. पण माझ्या तोंडून तुम्ही खोटे बोलवलेत." त्यानंतर त्याने आमच्या दुकानाची पायरी चढली नाही. माल आम्ही शेवटी परत घेतलाच. पण तो घेण्याचा दिवस निघून गेला होता.

बेल पॉटिंजरची बातमी वाचली तेव्हा आम्हाला ती निळी बादली आठवली. एक लाख पौंड आणि पाचशे पत्रके यांत फरक फक्त रकमेचा आहे.

चार सवाल

जनसंपर्काच्या पेशाला लेखी आचारसंहिता नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९६५मध्ये अथेन्स येथे संहिता स्वीकारली. भारतातील पब्लिक रिलेशन्स सोसायटीने १९६८मध्ये ती मान्य केली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक ठरवले, ते खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठीच. पण संहिता कपाटात असते आणि मोह गल्ल्यावर येऊन बसतो. म्हणून आम्ही आमच्या मुलांना चार सवाल पाठ करून दिले आहेत. काम घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही ते बयाण्यापूर्वी विचारावेत.

पहिला सवाल : हे बोलणे कोणाच्या पैशाने होत आहे, ते उघड सांगता येईल का? स्वतःच्या नावाच्या कागदावर लिहून देता येत नसेल, तर ते बोलू नये.

दुसरा सवाल : ही माहिती कोणी तपासली? "मालकाने दिली, मी छापली" हे उत्तर आयव्ही लीलाही वाचवू शकले नाही.

तिसरा सवाल : जो या सौद्यात नाही, त्याचे नुकसान होते का? शेजारच्या जमातीचे, कामगाराचे, धुणे धुणाऱ्या बाईचे? होत असेल तर नफा कितीही असो, तो नफा नाही.

चौथा सवाल : ऐकणाऱ्याला पूर्ण ताका सोडून दाखवला, तरी तो हा माल घेईल का?

हा चौथा सवाल आपल्या धंद्यात रोजचा आहे. यंत्रमागाच्या कापडाला 'हातमाग' म्हणून विकण्याची जाहिरात करून देणारे आज पुष्कळ आहेत. चित्रात एक म्हातारा विणकर बसवला की झाले. हातमागाच्या मालासाठी २००६पासून 'हँडलूम मार्क' आहे. तो नसताना चित्राच्या आडून तेच सुचवायचे, ही वरची घडीच झाली. यंत्रमागाच्या मालात लाजण्यासारखे काय आहे? त्याच मागांवर आपल्या हजारो घरांची चूल पेटते. तो त्याच्या नावाने विकावा. असेच पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय, आणि शेजारच्या व्यापाऱ्याविरुद्ध मोबाइलवर फिरवलेले निनावी निरोप. आज हे करून देणारा मुलगा तुमचे मीठ खातो. उद्या दुसऱ्याने जास्त दिले तर तेच तो तुमच्याविरुद्ध करील.

आपल्यातली पुष्कळ शिकलेली मुले-मुली आता जाहिरात आणि जनसंपर्काच्या नोकऱ्यांत जात आहेत. हे चांगले आहे. आपली बाजू नीट मांडणारी माणसे आपल्याला हवीच आहेत. त्यांना घरातल्या मोठ्यांनी एवढे जरूर सांगावे की, बेटा, पहिल्या दिवशी "नाही" म्हणायची हिंमत ठेव. नोकरी दुसरी मिळेल. आम्हाला नवा दुकानदारही मिळाला, धंदाही चालला. पण त्या गावावरून गाडी जाते तेव्हा आजही आम्ही खिडकीबाहेर पाहत नाही.